तिरपेरावांची मिशी

“मिशी हवीच,” तेंडोलकर काका फोनवर म्हणाले. “मिशी नसेल तर हा माणूस मिशीतल्या मिशीत हसणार कसा?”

मी दुकानात होते. मिरजेत माझं औषधाचं दुकान आहे. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून मी एका आजींच्या गोळ्या मोजत होते.

“काका, आपण त्यांना कधी पाहिलेलं नाही. टी-शर्टावर चेहरा छापायचाच कशाला? नुसती कोड्याची चौकट छापू.”

“मतदान तूच घेतलंस, शलाका. एकशे एकतीस मतं मिशीला पडली. चौकटीला अठ्ठावन्न. संपला विषय.”

याला आता नऊ वर्षं झाली. सांगलीहून तेव्हा एक छोटं दैनिक निघत असे, पुढे ते बंद पडलं. त्याच्या रविवारच्या पुरवणीत नऊ बाय नऊ घरांचं शब्दकोडं यायचं आणि खाली कोडेकाराचं नाव असायचं ‘तिरपा’. बस, एवढंच. पण त्या कोड्यांनी आम्हाला वेड लावलं होतं. ‘शेतात उभं होतं, उलटं झालं आणि झाडावर चढलं, दोन अक्षरं.’ पीक उलटं केलं की कपी. ‘कुठल्याही बाजूनं वाचा, जुनं होत नाही, तीन अक्षरं.’ हे मला पाच दिवस सुटलं नव्हतं. सहाव्या दिवशी भाजी चिरताना सुटलं, आणि मी सुरी हातात घेऊन सासूबाईंना सांगायला धावले. नवीन! त्या घाबरून उठून उभ्या राहिल्या.

बाहेरगावी गेलेल्या काही जणांना पेपर मिळेना, म्हणून मी दर रविवारी कोड्याचा फोटो इंटरनेटवर टाकायला लागले. त्यातून आमचा गट झाला, ‘तिरपे मंडळी’. मस्कतपासून गोंदियापर्यंत दोनशे बारा माणसं. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. कोडेकाराला आम्ही तिरपेराव म्हणायचो. सहाशेवं कोडं जवळ आलं तेव्हा ठरलं की मिरजेत मेळावा घ्यायचा आणि सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे.

तिथून भांडणं सुरू झाली. काळा की पांढरा, यावर चार दिवस गेले. मस्कतच्या मंडळींना कॉलर हवी होती, बायकांना लांब बाह्या. घोषणा मात्र एकमतानं ठरली: ‘आडवे नाही, उभे नाही, आम्ही तिरपे.’ मग चित्र. फारूक नदाफचा इचलकरंजीला टी-शर्ट छपाईचा कारखाना होता आणि तो स्वतः गटातला सगळ्यात जलद कोडं सोडवणारा. त्यानं तिरपेराव काढले: टक्कल, जाड काचांचा चष्मा, कानावर पेन्सिल आणि झुपकेदार मिशी. तेंडोलकर काका एका छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते, निवृत्त होऊन कुडाळला राहत होते. त्यांना ते चित्र फार आवडलं. मला नाही. का ते मला सांगता येत नव्हतं. आम्ही दोघं त्यावरून खरोखर रागावलो होतो, इतके की काकांनी दोन दिवस माझ्या ‘सुप्रभात’ला उत्तर दिलं नाही.

“निदान त्यांची परवानगी तरी घेऊ,” मी शेवटी म्हटलं. ते त्यांना पटलं. पुरवणी सांभाळणारे वाघमोडे नावाचे उपसंपादक होते. मी त्यांना पत्र लिहिलं, सोबत चित्राची प्रत जोडली. तिरपा कोण हे वाघमोडे कुणालाच सांगत नसत. “पोचवतो,” एवढंच ते फोनवर म्हणाले.

दोन रविवार गेले. उत्तर आलं नाही. काका म्हणाले, “मौन म्हणजे संमती. छाप रे फारूक.”

मंगळवारी दुपारी फारूकचा फोन आला.

“ताई, एक बघा की जरा. मी पाठीवर फिकट नक्षी टाकावी म्हणून जुन्या कोड्यांच्या चौकटी एकावर एक ठेवल्या कॉम्प्युटरवर. चाळीस चौकटी. काळी घरं दर वेळी वेगळ्या जागी, तेव्हा सगळंच काळं होणार, बरोबर?”

“बरोबर.”

“नाही झालं. फोटो धाडलाय. बघा.”

मी फोटो उघडला. काळाकुट्ट चौकोन, आणि त्यातून डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक स्वच्छ पांढरी रेघ. नऊ घरं. चाळीस कोड्यांत त्या नऊ घरांपैकी एकही कधी काळं नव्हतं.

“योगायोग असेल,” मी म्हटलं.

“मग मी शंभर ठेवल्या. रेघ तशीच ऱ्हायली. ताई, परवाचं कोडं सोडवलंय न्हवं तुम्ही? ते घ्या. तिरपं वाचा.”

पेपर काउंटरखाली होता. समोर एक गृहस्थ चिठ्ठी घेऊन उभे होते. “एक मिनिट हं,” मी त्यांना म्हटलं आणि पहिल्या घरावर बोट ठेवलं. एकेक पायरी उतरत गेले. मि. शी. न. को. मी. बा. ई. आ. हे.

मिशी नको मी बाई आहे.

“काय झालं?” ते गृहस्थ म्हणाले. “बसा तुम्ही. पाणी आणू का?”

मी पुन्हा पहिल्या घरावर बोट ठेवलं.

“ताई,” फारूक पलीकडून हळूच म्हणाला, “ह्या आधीची पाचशे शहाण्णव हायत.”

पहिल्यापासूनची सगळी कोडी एकाच माणसाकडे होती. तेंडोलकर काकांनी प्रत्येक कात्रण सोडवून, चिकटवून, तारीख घालून वह्यांत ठेवलेलं होतं. मी त्यांना फोन करून सांगितलं. पलीकडून वह्यांची पानं उलटल्याचा आवाज आला.

“अकरा वर्षं,” मग ते म्हणाले. “जन्मभर लोकांच्या चुका शोधून पोट भरलं, शलाका. नावातच सांगितलं होतं तिनं. तिरपा. आणि मला दिसलं नाही.”

त्या दिवशी चारच्या सुमारास त्यांनी गटावर आवाजी निरोप पाठवायला सुरुवात केली. मुद्रितशोधक एकमेकांना मजकूर वाचून दाखवतात तसा त्यांचा सपाट, चढउतार नसलेला आवाज. आधी क्रमांक, मग नऊ अक्षरं.

“क्रमांक एक. कुणी तिरपं वाचेल का.

“क्रमांक दोन. मी खिळे जुळवत होते.

“क्रमांक तीन. डोळे गेले बोटं राहिली.”

खिळे म्हणजे जुन्या छापखान्यातली शिशाची अक्षरं. एकेक अक्षर हातानं वेचून ओळ जुळवायची, असं ते काम. गटात आमच्यापैकी निम्म्यांना ते ठाऊकही नव्हतं. काकांनी मध्येच थांबून तेवढं समजावलं आणि पुढे वाचू लागले.

एरवी त्या गटावर एक वाक्य टाकलं की वीस जणांची उत्तरं यायची. त्या संध्याकाळी कुणी एक अक्षर लिहिलं नाही. नुसते काकांचे निरोप एकाखाली एक येत होते. मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि ऐकत राहिले. “पेरूला फुलं आली आज.” “चहात आलं जास्त झालं.” “आज कुणीच आलं नाही.” एका बाईचं रोजचं जगणं, दर रविवारी नऊ अक्षरं, वीस हजार प्रतींवर छापलेलं. आम्ही त्यावरच पेन्सिल फिरवली होती. ती अक्षरं आमच्याच हातानं आम्ही लिहिली होती.

“क्रमांक बावन्न. वाचलं का कुणी अजून.”

एकशे चारला पुन्हा तेच. एकशे छपन्नला पुन्हा. दर वर्षाच्या शेवटी ती विचारत होती.

“क्रमांक दोनशे आठ,” काका म्हणाले. “बरं कुणी वाचत नाही.

“दोनशे नऊ. आता सगळं सांगते मी.

“दोनशे दहा. त्याचं नाव नाही सांगत.”

त्यानंतर आलेला निरोप लांब होता. “मी इथं थांबतो. हे तिनं कुणी वाचत नाही अशा समजुतीनं लिहिलंय. तिला विचारल्याशिवाय पुढचं पान उलटणं माझ्याच्यानं होणार नाही. तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगतो, ज्यांच्याकडे पुढची कोडी असतील त्यांनीही वाचू नयेत.”

आणि दोनशे बारा माणसांनी ऐकलं. खरंच कुणी वाचलं नाही का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दोनशे अकरापासूनचं एकही वाक्य गटावर कधी आलं नाही.

आता मला वेगळीच भीती वाटू लागली. आपण वाचलंय हे तिला कळलं आणि तिनं कोडी घालणंच थांबवलं तर? न सांगता गप्प बसावं, तर ते चोरून ऐकल्यासारखं. दोन दिवस गटावर हीच चर्चा. शेवटी फारूकनं लिहिलं, “तिनं पहिल्याच कोड्यात सवाल केलाय. जवाब द्यायला नको? शर्टावर तेवढंच छापू.”

उत्तर नऊ अक्षरांतच बसलं पाहिजे, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. तासाभरात ते सापडलं: हो आम्ही तिरपं वाचलं. छातीवर, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे. टक्कल, चष्मा, मिशी सगळं गेलं.

“आणि अक्षरं फुगीर शाईत घे,” काकांनी फारूकला सांगितलं. “बोटाला लागली पाहिजेत. आणि उलटी छाप, आरशात दिसतात तशी.”

“उलटी? काका, लोक काय म्हणतील?”

“लोकांचं सोड. खिळ्यावरचं अक्षर उलटंच असतं. तिच्या बोटांना तेच सुलटं.”

मी वाघमोड्यांना सगळं खरं सांगितलं. ते थक्क झाले. दर गुरुवारी फोनवर तिच्याकडून कोडं उतरून घेणारा माणूस तो, आणि त्यालाही पत्ता नव्हता. त्यांनी तिला विचारलं. तासाभरानं त्यांचा फोन आला. “तासगावला राहतात. मालनताई कोष्टी. म्हणाल्या, येऊ देत.”

“अजून काही म्हणाल्या?”

“नाही. तेवढंच.”

मेळावा पुढे ढकलला. आम्ही तिघांनीच जायचं असं गटानं ठरवलं. ज्या रविवारी सहाशेवं कोडं छापून आलं त्या दिवशी काका कुडाळहून आले, फारूक इचलकरंजीहून, आणि आम्ही एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं. काका माझ्या कल्पनेपेक्षा खूप बुटके होते. बसमध्ये शर्टाची पिशवी फारूकच्या मांडीवर होती.

दोन खोल्यांचं घर होतं. दाराशी एक पासष्टीच्या बाई बसल्या होत्या, फिकट जांभळं नऊवारी लुगडं, बारीक अंग. आमची पावलं ऐकून त्यांनी मान वर केली.

“तिघंजण न्हवं? या की. पायरी जरा उंच हाय, जपून.”

आत एका टेबलावर लाकडी खणांचे दोन मोठे ट्रे होते आणि खणाखणांत शिशाची अक्षरं. शेजारी एक चपटी पेटी, तिला एक्याऐंशी कप्पे. सुतारानं करून दिली होती. त्यांचं कोडं त्या पेटीत तयार व्हायचं. एका कप्प्यात एक अक्षर, काळ्या घराच्या जागी कोरा खिळा.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. बावीस वर्षं त्या सांगलीच्या एका छापखान्यात जुळारी होत्या. एकेचाळिसाव्या वर्षी काचबिंदूनं डोळे गेले.

“मालकानं काढलं?” फारूकनं विचारलं.

“त्यांना सांगितलंच न्हाई मी,” त्या म्हणाल्या. “दोन वर्सं तशीच जुळवत होते. शेजारची हस्तलिखित हळू वाचायची, मी बोटांनी उचलायची. मालकांना कळलं ते छापखाना बंद झाला त्या दिवशी. हिशेब देताना त्यांनी कागद पुढं धरला, मला दिसला न्हाई. रडले बिचारे. जाताना हे दोन ट्रे दिले.”

काकांनी टेबलाची कड घट्ट धरली. “बाई,” ते म्हणाले, “मी चाळीस वर्षं जुळाऱ्यांच्या चुका काढल्या. दोन वर्षं न पाहता जुळवणं म्हणजे...”

“चुका व्हायच्या की,” त्या हसल्या. “डोळं असताना जास्त व्हायच्या.”

मग फारूकनं पिशवीतून शर्ट काढला आणि त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांनी कडा चाचपल्या, बाह्या कुठं, गळा कुठं ते पाहिलं. मग बोट पहिल्या अक्षरावर आलं आणि थांबलं. फुगीर, उलटं अक्षर. त्या एकदम ताठ बसल्या. बोट तिरपं उतरू लागलं. ना घाई, ना चाचपडणं. आपण डोळ्यांनी वाचतो त्याच गतीनं. शेवटच्या अक्षराला पोचल्यावर त्या पुन्हा वर गेल्या आणि पुन्हा वाचलं. असं तीनदा.

“‘च’चा दांडा मोडलाय,” मग त्या म्हणाल्या.

“शाई तडकली तिथं,” फारूक ओशाळून म्हणाला.

“ऱ्हाऊ दे. कळतंय.” त्यांनी शर्टाची घडी घातली. “कुठवर वाचलंत?”

मी काकांकडे पाहिलं. हा प्रश्न येणार हे आम्हाला ठाऊक होतं. काका उठून उभे राहिले. “दोनशे दहापर्यंत, बाई. त्यापुढचं तुमचं खासगी वाटलं. आधीचंही होतं, पण ते वाचून झाल्यावर कळलं. त्याची माफी मागायला आलोय.”

त्यांनी डोकं थोडं तिरकं केलं. “दोनशे दहा. ‘त्याचं नाव नाही सांगत.’”

एक क्षणही लागला नव्हता. मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, “आणि सतरा?”

“‘चहात आलं जास्त झालं.’ वहिनी तवा होती माझी. लई आलं घालायची.”

“तीनशे—” फारूकनं सुरुवात केली आणि काकांनी त्याचा दंड दाबला.

ते मालनताईंना दिसलं नाही, पण बहुतेक कळलं. त्या मोठ्यानं हसल्या, तोंडावर पदर न घेता, खळखळून. “त्याचं नाव सांगत न्हाई म्हटलं, आणि पुढच्याच आठवड्यात सांगितलंय की मी! तुम्ही एकच कोडं आधी थांबलात.”

आम्हीही हसायला लागलो. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

“वाचा की पुढं,” त्या म्हणाल्या. “सगळी वाचा. न्हाईतर लिहिलंय कशासाठी?”

“कोडी बंद नाही ना करणार?” मी विचारलं. इतक्या दिवसांची भीती एकदम बाहेर आली.

“का बंद करीन? आता तर कुठं वाचणारं घावलं.”

त्यानंतर पाच वर्षं कोडी येत राहिली, त्या गेल्या त्याच्या आदल्या रविवारपर्यंत. आमच्यापैकी कुणी ना कुणी दर महिन्याला तासगावला जात होतं. फारूकनं एकूण दोनशे चाळीस शर्ट छापले. मी माझा घालून बाजारात गेले की लोक हटकायचे, शर्ट उलटा घातलाय का म्हणून.

पण त्या पहिल्या दिवशी आम्ही निघायला उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, “बसा थोडं. पुढच्या रविवारचं चाललंय.” आणि पेटी जवळ ओढली.

ते मी पाहिलं. त्यांचा उजवा हात ट्रेवर जायचा, खणांवरून न थांबता फिरायचा, अक्षर उचलायचा, अंगठा एकदाच त्यावरून जायचा, की अक्षर आपल्या कप्प्यात. डावा हात पेटीवर होता, तो सगळ्या घरांची खबर ठेवत होता. आडवं जुळत होतं, उभं जुळत होतं, आणि त्याच वेळी मधून तिरपं काहीतरी उतरत होतं. त्या आमच्याशी द्राक्षांच्या बागांबद्दल, एसटीच्या वेळांबद्दल बोलत होत्या. शिशाचा बारीक टिक टिक आवाज येत होता. फारूक टेबलावर वाकून बघत होता. त्याच्या कारखान्यात दिवसाला हजार शर्ट छापणारी यंत्रं होती.

मध्येच हात थांबला.

“हितं तीन घरं हायत,” त्या म्हणाल्या. “मधी ळ पडलाय, शेवटी ख. पहिलं अक्षर काय घालू?”

आम्ही तिघं अकरा वर्षं कोडी सोडवत आलेलो. शब्द तिघांनाही त्याच क्षणी आला होता. काकांचे ओठ हलले. फारूकनं माझ्याकडे पाहिलं.

त्या वाट पाहत राहिल्या. मग त्यांनी ट्रेमधून एक खिळा उचलला, अंगठ्यानं तपासला आणि तळहातावर ठेवून हात माझ्याकडे केला.

“घ्या. ठेवा तुम्हीच.”

तो इवलासा तुकडा त्यांच्या हातानं ऊबदार झाला होता. वर उलटा ‘ओ’. मी पेटीवर वाकले. एक्याऐंशी कप्पे, सगळी अक्षरं उलटी, आणि माझे डोळे भरून आलेले. मला ते घर सापडेना.

मालनताईंनी माझं बोट धरलं आणि नेमकं त्या घरावर नेऊन ठेवलं.